वीतभर मोकळं

माझ्या वहीत सकाळ अशी असते:
सहाला पहिला माग, सव्वासहाला दुसरा,
सातला कांड्या, साडेसातला पोराचा डबा,
नऊला मल्लेशी येईल, त्याच्या आधी तेलपाणी,
अकराला शहापूरच्या पेढीवर तीन साड्या,
दुपारी एकला हिशेब,
दोन ते चार पुन्हा हिशेब, कारण पहिला जुळत नाही.
रेघा मी पट्टीनं मारते.
वडगावच्या आमच्या गल्लीत अशी वही ठेवणारी मी एकटीच,
आणि त्याचा मला जरा ताठाही आहे.

तर परवा मंगळवारी
साडेनऊला नीलव्वा दारात.
हातात रक्त तपासल्याचा कागद.
तिला मराठी येतं बाजारापुरतं,
मला कन्नड येतं भांडणापुरतं,
आणि कागद होता इंग्रजीत.

'वाच की गं जरा.'
मागांच्या खडखडाटात ऐकू आलं नाही
असं मी दाखवलं.
ऐकू आलं होतं.
ती उभीच राहिली, चपला काढून,
कागद पोटाशी धरून.

मग लाईट गेली.
चारही माग एकदम गप्प
आणि अख्खी गल्ली आत आली:
कुणाचं तरी पोर पाढे म्हणत होतं, एरडोंदला एरडू,
कुकरची तिसरी शिट्टी, भंगारवाल्याची हाळी,
आणि नीलव्वाचा श्वास,
जो मघापासून माझ्याच उंबऱ्यावर चालला होता.

साखर वाढलीय. बाकी ठीक.
गोड बंद, एवढं सांगता आलं.
'घाबरू नको'चं कन्नडही येत होतं मला,
पण ते फक्त तोंडाशी आलं.
म्हणून चुरमुऱ्यांचा डबा पुढं केला.

ती बसली. लाईट येईना.
धाकट्याला गोकाकला काम लागलंय, म्हणाली,
रातपाळी, फोन उचलत नाही,
उचलला तर झोपेत बोलतो.
मी घड्याळ बघितलं. दहा चाळीस.
मी बघितलेलं तिनं बघितलं.
'इरली बिडव्वा,' म्हणत गुडघ्यावर हात टेकून उठली.

इरली. राहू दे. असू दे.

'थांब,' मी म्हटलं, 'हे टोक धर.'
साड्या अजून कापायच्याच होत्या.
एका साडीचा पदर संपतो, दुसरीचा काठ सुरू व्हायचा असतो,
मध्ये वीतभर नुसता ताणा सोडलेला,
उभे धागे, आडवं काही नाही.
कात्री तिथंच चालते.
पहिल्या वर्षी सूत वाचवायला मी ती वीत गाळली होती,
दोन्ही साड्या उसवत गेल्या,
पेढीवाल्यानं चारचौघांत परत फेकल्या.
हे नीलव्वाला सांगितलं तर ती हसली,
तिनंही म्हणे लग्नाच्या वर्षी हेच केलं होतं.
मग सुटे धागे पिळत बसलो दोघी,
तिची बोटं माझ्यापेक्षा भरभर,
गोंडे तिचे बारीक, माझे जाडेभरडे.
बाराला लाईट आली तेव्हा
माग लगेच सुरू करायला कुणी उठलं नाही.

साड्या दुसऱ्या दिवशी गेल्या.
शेठ बोलला. बोलणारच.

बुधवारच्या पानावर पट्टी ठेवली
आणि साडेनऊ ते साडेदहा काही लिहिलं नाही.
हात शिवशिवत होता,
किमान 'झाडणं' तरी लिहावं.
बुधवारी कुणी आलं नाही.
मी पायरीवर बसले, उठले, पुन्हा बसले.
समोरच्या घराला निळा रंग कधी दिला
मला माहीतच नव्हतं.
नीलव्वाचं दार बंद होतं,
आत कुणीतरी फोनवर मोठ्यानं हसत होतं.

गुरुवारी नऊ पस्तीसला
हेस्कॉमचा माणूस बिल घेऊन आला.
घामाघूम, अजून दोन गल्ल्या राहिलेल्या.
वही मी मांडीखाली सरकवली.
'बर्री,' म्हटलं, 'कूडरी.
चुरमुरे आहेत.'